फ्रेंच राजे, ग्रीक कारकून

१२९१ नंतर सायप्रसच्या गादीवर जो कोणी बसे, त्याला दोनदा मुकुट चढवून घ्यावा लागे. एकदा राजधानी निकोसियात, सेंट सोफियाच्या कॅथीड्रलमध्ये, सायप्रसचा राजा म्हणून. आणि मग पूर्व किनाऱ्यावरच्या फामागुस्ता बंदरात, सेंट निकोलसच्या कॅथीड्रलमध्ये, जेरुसलेमचा राजा म्हणून. जेरुसलेम शहर १२४४ मध्येच कायमचे हातचे गेले होते. १२९१ मध्ये अक्राही पडले आणि पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर या राजाला पाय टेकायला जागा उरली नाही. तरी दुसरा मुकुट सुटला नाही. जेरुसलेम राज्याचा सेनापती, जेरुसलेम राज्याचा कारभारी अशा नेमणुका पुढेही होत राहिल्या. राज्य नाही आणि अधिकारी मात्र आहेत, हे वाचून हसू येते. पण त्यात हिशेब होता. समुद्रापलीकडच्या जहागिरी बुडालेल्या सरदारांना निदान पद देता येत होते, आणि पश्चिमेकडच्या दरबारांत मदत मागायला जाताना जेरुसलेमचा राजा म्हणून जाणे सायप्रसचा राजा म्हणून जाण्यापेक्षा केव्हाही वजनदार.

कारण सायप्रस म्हणजे ते केवढे? ९,२५१ चौरस किलोमीटर, गोव्याच्या अडीचपट. उत्तरेला एक अरुंद डोंगररांग, नैऋत्येला त्रोओदोसचा मोठा डोंगराळ मुलूख, आणि दोहोंच्या मधे मेसाओरियाचे सपाट गव्हाचे रान. रहिवासी ग्रीक बोलणारे, ऑर्थोडॉक्स पंथाचे. त्यांच्यावर ११९२ पासून १४८९ पर्यंत, म्हणजे तीनशेला तीन कमी इतकी वर्षे, लुझिन्यान घराण्याने राज्य केले. हे घराणे मूळचे फ्रान्सच्या प्वातू प्रांतातले, भाषेने फ्रेंच, धर्माने रोमच्या पोपला मानणारे. त्या राज्याची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी म्हणून हे पुस्तक लिहिले आहे.

आपल्याला सायप्रस ठाऊक आहे ते शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’मुळे, आणि ‘ऑथेल्लो’ ठाऊक आहे तो बहुतेकांना देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे. पण ते सायप्रस व्हेनिसच्या अमलातले, आपल्या विषयाच्या शेपटाचे. वयस्क वाचकांना जनरल थिमय्या आठवतील. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख असताना १९६५ च्या डिसेंबरात त्यांचे निधन सायप्रसमध्येच झाले. या दोहोंपलीकडे आपल्याकडे या बेटाचा उल्लेख आला तर क्रुसेडच्या हकिगतीत येतो, आणि तिथे ते जणू जहाजे थांबण्याचा धक्का असते. राजे येतात, हिवाळा काढतात, पाणी भरतात, पुढे जातात. फ्रान्सच्या नवव्या लुईने १२४८-४९ चा हिवाळा खरोखर असाच तिथे काढला. पाहुणे गेल्यावर बेटावर काय चालत होते, हा माझा विषय आहे.

परक्यांचे हे राज्य सुरू झाले ते एका खरेदीखतातून, असे म्हटले तरी चालेल. मे ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसऱ्या क्रुसेडला निघाला असता त्याचा ताफा वादळात फाटला. त्याची बहीण जोन आणि वाग्दत्त वधू बेरेंगारिया ज्या जहाजावर होत्या, ते लिमासोलपाशी लागले. बेट तेव्हा आयझॅक कोम्नेनोसच्या ताब्यात होते. हा बिझंटाइन राजकुळातला, पण कॉन्स्टँटिनोपलला न जुमानता परस्पर ‘सम्राट’ म्हणवून घेणारा. त्याने फुटलेल्या जहाजांवरची माणसे आणि माल ताब्यात घेतला, स्त्रियांना किनाऱ्यावर आणायचा घाट घातला, आणि तेवढ्यात रिचर्ड येऊन ठेपला. १२ मे रोजी रिचर्डने लिमासोलातच लग्न उरकले आणि त्याच्या पुढेमागे सारे बेट घेतले. मला लोखंडी बेड्या घालू नका, एवढी अट घालून आयझॅक शरण आला. रिचर्डने त्याच्यासाठी चांदीच्या बेड्या घडवल्या, असे सांगतात.

रिचर्डला बेट नको होते, पैसा हवा होता. त्याने ते टेम्पलर या लढवय्या भिक्षूंच्या संघटनेला एक लाख बेझंटला विकले. चाळीस हजार रोख, बाकीचे बेटाच्या उत्पन्नातून. ही बाकी लवकर वसूल करायच्या नादात टेम्पलरांनी रयतेला असे पिळले की ११९२ च्या ईस्टरला निकोसियात बंड उठले. तिथल्या ठाण्यात त्यांची सव्वाशेही माणसे नव्हती. त्यांनी बाहेर पडून कत्तल केली, जीव वाचवला, आणि हा सौदा आपल्याला झेपणार नाही हे ओळखून बेट रिचर्डला परत केले. रिचर्डने मग ते गी द लुझिन्यानच्या गळ्यात घातले. पाचच वर्षांपूर्वी हत्तीनच्या लढाईत सलादीनकडून सपशेल हरून जेरुसलेम घालवणारा राजा तो हाच. पराभूत राजाला सांत्वन म्हणून दिलेले हे वतन तीन शतके टिकेल, असे त्या वेळी कोणी पैजेवर सांगितले नसते.

ते का टिकले, हा या पुस्तकातला पहिला प्रश्न. जुने बखरकार एक गोष्ट सांगतात. गीने म्हणे सलादीनलाच निरोप पाठवून सल्ला विचारला, की हे बेट राखायचे कसे. सलादीनने उलट कळवले, सगळे राखायचे असेल तर सगळे देऊन टाक. गोष्ट रचलेली असणार. शत्रूच्या तोंडी शहाणपण घालण्याची हौस सगळ्याच बखरींना असते. पण गीने केले मात्र तसेच. पॅलेस्टाइनमध्ये जमीन गमावून बसलेले सरदार, शिपाई, व्यापारी यांना बोलावून त्याने मोकळ्या हाताने गावे वाटली. त्याला स्वतःला राजा हे पद इथे मिळाले नाही. त्याचा भाऊ आणि वारस एमेरी याने जर्मन सम्राट सहाव्या हेन्रीकडे मुकुट मागितला, आणि ११९७ मध्ये निकोसियात त्याच्या डोक्यावर तो चढला. सरदारांना जमिनी मिळाल्या, राजाला मुकुट मिळाला. पण गावातून धान्य वेळेवर यायचे तर कोणत्या गावात किती कुळे, कोणाकडे किती बैल, कोणी किती देणे लागतो, हे कोणाला तरी माहीत असावे लागते. प्वातूहून आलेल्या सरदाराला ते माहीत असण्याचा संभव नव्हता.

ते माहीत होते ग्रीक कारकुनांना. बिझंटाइन अमलात महसुलाची कचेरी ‘सेक्रेतोन’ म्हणून ओळखली जाई. लुझिन्यान अमलात ती ‘सेक्रेत’ या नावाने तशीच चालू राहिली. नवा राजा आला, नवे सरदार आले, नवे बिशप आले; ही कचेरी आणि तिथे बसणारी घराणी राहिली. त्या कचेरीचे दप्तर आज जवळजवळ सगळे नष्ट झाले आहे. दुसऱ्या जेम्सच्या कारकिर्दीतली १४६८-६९ सालची एक वही तेवढी वाचली आणि ती छापूनही निघाली आहे. कोणाला कोणते गाव, कोणाला किती रोख आणि किती गहू, किती दारू, कोणाची देणी माफ. मी ती प्रथम चाळली तेव्हा मला पेशवे दप्तरातल्या रोजकीर्दीच आठवल्या. राज्य म्हणजे काय हे कळायला अशी एक वही दहा राज्याभिषेकांपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. ज्यांना राज्याभिषेकच आवडतात त्यांनी चौथे प्रकरण आधी वाचावे.

दख्खनच्या वाचकाला यात नवल वाटू नये. आदिलशाहीत वरून फर्मान फार्सीत निघे, आणि खाली कुळकर्णी गावचा झाडा मोडीत लिही. सुलतान कोण आहे याने त्या झाड्यात फारसा फरक पडत नसे. सायप्रसमध्येही थर असेच होते. मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. आपल्याकडे गावचा पाटील आणि कुळकर्णी वतनदार होते, गावाच्या बाजूने दोन शब्द बोलण्याइतका त्यांचा पाय रोवलेला होता. सायप्रसच्या शेतकऱ्याच्या पाठीशी असा कोणी होता, असे सापडत नाही.

या शेतकऱ्यांतले खालचे ते ‘पारोइकोस’. आपल्या शब्दांत जमिनीला बांधलेला वेठबिगार. जमीन विकली की तोही तिच्याबरोबर गेला. सामान्यतः आठवड्याचे दोन दिवस मालकाच्या शेतात फुकट राबायचे, स्वतःच्या पिकाचा तिसरा हिस्सा घालायचा, शिवाय डोईपट्टी. त्याच्यावरचा वर्ग मोकळ्या कुळांचा. त्यांना वेठ नव्हती, पण हिस्सा होता. ही व्यवस्था फ्रेंचांनी आणलेली नाही. ती त्यांना बिझंटाइन काळातून तयार मिळाली, आणि त्यांनी ती मोडली नाही एवढेच. परक्या राज्याविषयी लिहिताना सगळा जुलूम परक्यांच्या खात्यावर टाकायचा मोह होतो. इथे तो टाकता येत नाही, आणि त्यामुळेच हा इतिहास मला लिहावासा वाटला.

धर्माच्या बाबतीत मात्र जुलूम नवा होता. ११९६ मध्ये पोपने निकोसियात लॅटिन आर्चबिशप बसवला आणि त्याच्या हाताखाली पाफोस, लिमासोल, फामागुस्ता इथे तीन बिशप. पुढे ऑर्थोडॉक्स बिशपांची संख्या चौदावरून चारावर आणली गेली; ते चार लॅटिन बिशपांच्या ताब्यात, आणि राहायचे शहराबाहेर, सोलेया, कार्पासिया, लेफ्कारा, आर्सिनोए अशा आडगावी. १२६० च्या पोपच्या आज्ञापत्राने यावर शिक्का बसला आणि बेटावर ग्रीक आर्चबिशप हे पद उरले नाही. त्याआधी १२३१ मध्ये कांतारा मठातले तेरा भिक्षू प्राणाला मुकले होते. वाद कशाचा, तर प्रसादाची भाकर आंबवलेल्या पिठाची की बिनआंबवलेल्या. ग्रीक आंबवलेली वापरत, लॅटिन बिनआंबवलेली. भिक्षूंनी लॅटिन रीत खोटी ठरवली आणि शब्द मागे घ्यायला नकार दिला. कैदेत सडून एक मेला, बाकीच्यांना जाळले.

असे असूनही त्रोओदोसच्या खेड्यांत उलटेच दृश्य दिसते. मुतुल्लास गावातले मरियमचे देऊळ १२८० चे. आपल्या कोकणातल्या माजघराएवढे दगडी बांधकाम, वर लाकडाच्या वाशांचे उतरते छप्पर आणि त्यावर चपटी कौले. या डोंगरात हिवाळ्यात बर्फ पडते आणि बिझंटाइन पद्धतीचा घुमट ते पेलत नाही. आत भिंत मोकळी म्हणून नाही. एका ठिकाणी देऊळ बांधवणारे नवराबायको, योआनिस आणि इरिनी, हातात देवळाची छोटी प्रतिकृती धरून रंगवले आहेत. ही खेड्यातली माणसे, चार पैसे बाळगून असलेली. पेदुलास इथल्या १४७४ च्या देवळात तर एका ग्रीक पाद्र्याने बायको आणि मुलींसकट स्वतःला रंगवून घेतले आहे. अशी दहा देवळे आज जागतिक वारशाच्या यादीत आहेत. लॅटिन बिशपाला त्रोओदोस चढून कोण काय रंगवतो हे पाहण्यात रस नव्हता. गावाने हिस्सा घातला की पुरे. सत्ता पातळ होती, म्हणून खाली जागा उरली.

वरच्या थरातल्या भानगडी मी या पुस्तकात आटोपत्या घेतल्या आहेत. १२२९ ते १२३३ मध्ये इबेलिन घराणे आणि सम्राट दुसरा फ्रेडरिक यांच्यात बेटावर युद्ध झाले. बालराजाच्या नावाने कारभार कोणी करायचा हा वाद. इबेलिन जिंकले. या युद्धाची हकिगत लिहिणारा नोव्हाराचा फिलिप स्वतः इबेलिनांचा माणूस होता, कायदेपंडित होता आणि कवीही. एवढे गुण एकत्र आले की साक्षीदार म्हणून भरवसा किती ठेवायचा, हे वाचकाने ठरवावे.

फामागुस्ताचे मात्र तसे करता आले नाही. अक्रा पडल्यावर निर्वासितांची जहाजे इथे लागली आणि त्यांच्याबरोबर धंदाही आला. पोपने ईजिप्तच्या मामलुकांशी व्यापारबंदी घातली होती. म्हणून पूर्वेचा माल, त्यात हिंदुस्थानची मिरी आणि आले, सीरिया आणि आर्मेनियाच्या किनाऱ्यावरून छोट्या जहाजांनी फामागुस्तात येई आणि इथून व्हेनिस, जेनोआ, बार्सिलोनाकडे जाई. बंदी मोडली असे कोणालाच म्हणावे लागत नसे. लांबेर्तो दि साम्बुचेतो या जेनोआच्या नोटरीने १२९६ ते १३०७ या काळात इथे लिहिलेल्या दस्तांच्या वह्या टिकल्या आहेत. कर्जरोखे, भागीदारीची पत्रे, जहाजभाडे, मृत्युपत्रे, गुलामांची खरेदी. त्यात ग्रीक, सीरियन, यहुदी, आर्मेनियन, कॅटलन, फ्लोरेन्सवाले, सगळे येऊन बसतात आणि साक्षी घालतात. फ्लोरेन्सच्या बार्दी पेढीचा पेगोलोत्ती हा मुनीम १३२४ नंतर काही वर्षे इथे होता. पुढे त्याने व्यापाऱ्यांसाठी जे पुस्तक लिहिले त्यात फामागुस्ताची वजने, मापे, जकाती यांची बारीक माहिती आहे. लाखास नावाच्या नेस्टोरियन बंधूंच्या श्रीमंतीच्या कथा तर माखैरासच्या बखरीत (तिच्याविषयी पुढे) पानेच्या पाने आहेत. राजाला मेजवानी दिली तेव्हा त्यांनी काय काय उधळले त्याच्या. पुढे त्यांच्या मुलांची दैना झाली, हेही तीच बखर सांगते.

व्यापाराच्या मागोमाग साखर. ऊस मूळचा आपल्या बाजूचा. इराण आणि अरबांमार्फत तो भूमध्य समुद्राला पोहोचला, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांत सायप्रसची साखर युरोपात नावाजलेली होती. दक्षिण किनाऱ्यावर कुक्लियाला राजाचा साखर कारखाना होता, कोलोसीला हॉस्पिटलर भिक्षूंचा, एपिस्कोपीला व्हेनिसच्या कोर्नेर कुटुंबाचा. कुक्लियाचे अवशेष उत्खननात निघाले आहेत आणि कोल्हापूरकडच्या वाचकाला ते समजावून सांगावे लागणार नाहीत. डोंगरातून पाट काढून आणलेल्या पाण्यावर फिरणारे जाते, त्याखाली उसाचे तुकडे. रस उकळायची चुलाणे एका रांगेत, त्यांना बाहेरून जाळ घालायची सोय. उकळलेला पाक शंकूच्या आकाराच्या मातीच्या साच्यांत ओतत. साच्याच्या टोकाला भोक, खाली बुडखा धरून ठेवणारे मडके. काकवी ठिबकून मडक्यात उतरे आणि साच्यात साखरेचा शंकू उरे. तोच पुन्हा विरघळवून पुन्हा उकळला की साखर अधिक पांढरी आणि अधिक महाग. या साच्यांच्या खापऱ्या तिथे ढिगांनी सापडतात. उसाला पाणी लागते आणि सायप्रसमध्ये पाणी तुटपुंजे. एकाच कुरीस नदीच्या पाण्यावरून कोलोसीचे भिक्षू आणि एपिस्कोपीचे कोर्नेर यांचे हाडवैर झाले. पाळीपाण्यावरून भांडणे आपल्याकडेच होतात असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

एवढा पैसा असताना राज्य बुडाले कसे? त्याला सुरुवात पहिल्या पीटरने केली असे मी मानतो, जरी युरोपीय लेखकांचा तो लाडका राजा आहे. ऑक्टोबर १३६५ मध्ये त्याने अलेक्झांड्रिया लुटले. शहर राखायची ताकद नव्हती. आठवड्याभरात लूट जहाजांत भरून सगळे परतले. मामलुकांशी वैर ओढवले, व्यापाऱ्यांचे नुकसान झाले, आणि हाती एक कीर्ती उरली. जानेवारी १३६९ मध्ये त्याच्याच सरदारांनी त्याला बिछान्यात भोसकून मारले.

त्याच्या मुलाच्या फामागुस्तातल्या राज्याभिषेकाला, ऑक्टोबर १३७२ मध्ये, राजाच्या घोड्याचा उजवा लगाम कोणी धरायचा यावरून व्हेनिस आणि जेनोआ यांच्यात तंटा झाला. नसलेल्या जेरुसलेमचा तो मुकुट. मिरवणुकीतला मान मात्र खराच होता. मेजवानीत हातघाई झाली, जेनोआच्या काही लोकांना खिडक्यांतून खाली फेकले गेले. पुढच्याच वर्षी जेनोआचे आरमार आले. १३७४ च्या तहात सायप्रसवर वीस लाखांहून अधिक फ्लोरिनचा दंड बसला, तो बारा वर्षांत फेडायचा, आणि दरवर्षीची खंडणी वेगळी. फामागुस्ता जेनोआकडे गेले ते १४६४ पर्यंत. राजाचा चुलता जेम्स जेनोआत कैदेत पडला. तिथेच त्याला मुलगा झाला आणि त्याचे नाव ठेवले जानुस, जेनोआच्या दंतकथेतल्या संस्थापकाचे. लगाम हे निमित्तच. जेनोआला बंदर हवे होते आणि लगाम नसता तर दुसरे काही मिळाले असते. पण जो दंड बसला त्याची वसुली करणारी कचेरी तीच होती, आणि भरणारा शेतकरीही तोच.

हाच जानुस पुढे राजा झाला आणि त्याच्या वाट्याला याहून वाईट आले. ७ जुलै १४२६ रोजी खिरोकितियाला मामलुक फौजेने सायप्रसचा धुव्वा उडवला, राजाला जिवंत पकडले आणि निकोसिया लुटली. कैरोच्या रस्त्यांतून त्याची बेड्या घालून धिंड निघाली. दोन लाख डुकाट देऊन तो सुटला, सुलतानाचा मांडलिक होऊन.

राजा कैदेत असताना बेटावर जे घडले ते या पुस्तकाचा कणा आहे. खेडूत उठले. त्यांनी मालकांची कोठारे फोडली, ठिकठिकाणी आपले नायक नेमले, आणि लेफ्कोनिको गावी अलेक्सिस नावाच्या माणसाला राजा केले. ‘रे अलेक्सिस’ म्हणजे अलेक्सिस राजा. पदवी लॅटिनांची, नाव ग्रीक. हे राज्य महिने मोजण्याइतकेच टिकले. मे १४२७ मध्ये अलेक्सिसला निकोसियात फासावर चढवले.

हे आपल्याला कळते ते लेओंतिओस माखैरास याच्या बखरीतून. माखैरास ग्रीक, ऑर्थोडॉक्स, कारकुनी घराण्यातला. नोर या फ्रेंच सरदार घराण्याच्या पदरी चिटणीस. खिरोकितियाच्या लढाईत तो हजर होता आणि फौजेला पिण्याची दारू पुरवण्याचे काम त्याच्याकडे होते. १४३२ मध्ये राजाच्या वतीने तो कारामानच्या तुर्की अमीराकडे वकील म्हणून गेला. बर्गंडीचा प्रवासी बर्त्राँदों द ला ब्रोकियेर याची त्याच्याशी तिकडे गाठ पडली. तो लिहितो की हा माणूस फ्रेंच चांगले बोलत होता. पण बखर माखैरासने लिहिली ती आपल्या बेटाच्या बोलीत. फ्रेंच राज्य आल्यापासून आमचे ग्रीक इतके बिघडले की आम्ही काय बोलतो ते जगात कोणाला समजेना, अशी तक्रार त्याने त्याच बिघडलेल्या, जिवंत बोलीत करून ठेवली आहे. आणि हा माणूस लुझिन्यान राजांविषयी जिव्हाळ्याने लिहितो, त्यांच्या आपत्तीत हळहळतो. जो अलेक्सिस त्याच्याच भाषेचा, त्याच्याच पंथाचा, त्याच्याविषयी आणि त्याच्या सोबत्यांविषयी मात्र तो माजलेली खेडवळ माणसे यापलीकडे फारसे लिहीत नाही.

मला जे म्हणायचे आहे ते इथे येऊन ठरते. परके कोण, याचे उत्तर माखैरासला विचारले तर तो जेनोआ सांगेल, मामलुक सांगेल. फ्रेंच राजा त्याला परका वाटत नव्हता. अडीचशे वर्षे त्याच्या बापजाद्यांनी त्या राजाचे हिशेब ठेवले होते. लेफ्कोनिकोच्या वेठबिगाराला विचारले असते तर त्याने कदाचित माखैरासलाही त्यांतच धरले असते. त्याने मात्र काही लिहून ठेवलेले नाही. जे आहे ते त्याला फासावर देणाऱ्यांच्या चाकरीतल्या माणसाने लिहिलेले आहे. विसाव्या शतकात सायप्रसच्या राजकारणाने या काळाला ग्रीकांवरचा लॅटिन जुलूम असे सरळ रूप दिले. त्याच्या उलट काही युरोपीय लेखकांनी गॉथिक कॅथीड्रले दाखवून सरंजामी वैभवाचे चित्र रंगवले. दोन्हीत कारकून नाही. मी त्याला मध्यभागी बसवले आहे, त्याच्या पक्षपातासकट.

शेवटच्या पिढ्यांची कथा नाट्यमय आहे आणि नाटककारांनी, चित्रकारांनी ती भरपूर वापरलीही आहे. बिझंटाइन राजकन्या हेलेना पालेओलोगिना १४४२ मध्ये राणी म्हणून आली आणि तिच्या आश्रयाने ग्रीक पंथाला दरबारात पुन्हा तोंड वर काढता आले; कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर तिथल्या भिक्षूंना तिने निकोसियात मठ दिला. तिची मुलगी शार्लोत राणी झाली तर सावत्र, अनौरस भाऊ जेम्स (तोच दुसरा जेम्स) कैरोला जाऊन मामलुक फौज घेऊन आला आणि गादी बळकावली. फामागुस्ता जेनोआकडून परत घेतले ते त्यानेच. त्याने व्हेनिसच्या कातेरीना कोर्नारोशी लग्न केले, त्याच एपिस्कोपीच्या साखरवाल्या कुळातली मुलगी. १४७३ मध्ये तो मेला, वर्षभरात तान्हा मुलगाही गेला, आणि व्हेनिसने आपल्या या ‘कन्येला’ पंधरा वर्षे गादीवर बसवून १४८९ मध्ये खाली उतरवले. तिला आसोलो हे गाव मिळाले, व्हेनिसला बेट. मामलुकांची आठ हजार डुकाटांची सालीना खंडणी व्हेनिस निमूट भरत राहिले. १५१७ मध्ये ईजिप्त तुर्कांनी जिंकल्यावर तीच रक्कम इस्तंबूलला जाऊ लागली.

बहुतेक पुस्तके १४८९ ला थांबतात. मी १५७१ पर्यंत गेलो आहे, कारण राजघराणे संपले तरी सेक्रेत संपली नव्हती आणि पारोइकोसही संपला नव्हता. व्हेनिसने त्याला सुटका विकत देऊ केली. ज्याच्याकडे पैसे होते त्याने घेतली, आणि सरकारी तिजोरीत भर पडली. मदेराची साखर स्वस्त येऊ लागली तेव्हा उसाच्या जागी कापूस आला. निकोसियाभोवती १५६७ मध्ये अकरा बुरुजांचा नवा तट उभारला, त्यासाठी जुने मठ, वाडे, लुझिन्यान राजांच्या समाध्या पाडल्या गेल्या. सप्टेंबर १५७० मध्ये तट तुर्कांनी फोडला, ऑगस्ट १५७१ मध्ये फामागुस्ता पडले. सेंट सोफिया आणि सेंट निकोलस, दोन्ही मुकुटांची ठिकाणे, मशिदी झाली आणि आजही आहेत. तुर्की अमलात लॅटिन बिशपांची पीठे गेली, तीन शतकांनी बेटाला पुन्हा ऑर्थोडॉक्स आर्चबिशप मिळाला, आणि पारोइकोसला जमिनीशी बांधणारा कायदा उठला. नव्या सरकारने पहिल्याच वर्षी गावोगावची कुळे आणि जमिनी मोजून घेतल्या. ती मोजणी शेवटच्या प्रकरणात घेतली आहे.